रुळांच्या काठचे गाव

आगगाडी थांबते म्हणून गाव वाढते, हे आपल्याला नवे नाही. दौंड, मनमाड, भुसावळ ही नावे सर्वांच्या कानावरची आहेत. पण इंजिनाला थांबायची गरजच उरली नाही, तर गावाचे काय होते? अशा एका गावाची हकिकत आज आपण वाचू. गाव दूरचे आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यातले.

तिथे न्यू नावाची नदी आहे. न्यू म्हणजे नवी. नाव नवी, पण नदी फार फार जुनी. ती खोल दरीतून वाहते. दोन्ही अंगांना डोंगर आणि डोंगरांच्या पोटात दगडी कोळसा. १८७३ साली या दरीतून लोहमार्ग पुरा झाला. त्याच साली कॅप्टन थरमंड या गृहस्थांना जमीन मोजल्याची मजुरी मिळाली. पैसे नव्हे, नदीकाठची ७३ एकर जमीन. सारा चढउतारच! पण रूळ तिथूनच गेले होते.

पुढे तिथे थरमंड गाव वसले. डोंगर आणि रूळ यांच्यामध्ये जागा इतकी थोडी की गावाला हमरस्ताच नव्हता. दुकाने, बँक, सारे रुळांकडे तोंड करून ओळीने उभे. दुकानातून बाहेर पडले की समोर गाडी! १९२१ पर्यंत यायचे-जायचे ते रेल्वेनेच.

कॅप्टनसाहेब मोठे कडक. आपल्या जमिनीवर दारू विकू द्यायचे नाहीत. नदीपलीकडे मात्र १९०१ साली मॅकेल नावाच्या गृहस्थांनी शंभर खोल्यांचे हॉटेल काढले. मग लोक काय करायचे? पूल ओलांडायचे! त्या हॉटेलात पत्त्यांचा एक डाव चौदा वर्षे चालला होता म्हणतात. आम्हाला हे जरा जास्तच वाटते. पण जुगाराची चटक ज्यांनी जवळून पाहिली आहे, ते हसणार नाहीत.

भरभराटीच्या दिवसांत रोज पंधरा प्रवासी गाड्या यायच्या. वर्षाला ९५,००० पर्यंत उतारू त्या लहानशा स्टेशनातून जात. खाणींतला कोळसा इथे गोळा व्हायचा आणि मालगाड्यांतून बाहेर पडायचा.

आता गावाचे खरे काम पाहू. आम्ही लहानपणी वाफेचे इंजिन पाणी पिताना तासन् तास पाहिले आहे. त्याला पाणी लागते, कोळसा लागतो, त्याची राख काढावी लागते, सांधे तपासावे लागतात. थोडे अंतर गेले की पुन्हा तेच. ही सारी चाकरी थरमंडची माणसे करीत. इंजिन भुकेले होते, म्हणून गावाचे पोट भरत होते.

मग दिवस फिरले. १९२२ साली मोठी आग लागली. १९३० साली ते हॉटेलही जळाले. मंदी आली, १९३१ साली एक बँक बुडाली. लोक मोटारीने फिरू लागले. एवढे होऊनही इंजिनांचे काम होते, तोवर गाव तग धरून होते. पण १९४० नंतर डिझेलची इंजिने येऊ लागली. त्यांना ना पाणी भरायला हवे, ना राख काढायला. गाड्या धावतच राहिल्या. माणसांच्या हातचे काम तेवढे गेले. यात कोणाची लबाडी नव्हती आणि कामगारांचा आळसही नव्हता. त्यांचे कसब चांगलेच होते. ते लागणारे यंत्र मात्र गेले. एकेक बिऱ्हाड उठले.

२००५ साली गावची निवडणूक झाली. रहिवासी सात, आणि त्यांतले सहा जण उमेदवार! २०२० च्या शिरगणतीत पाचच माणसे उरली. जुने स्टेशन सरकारने १९९५ साली दुरुस्त केले. पाहुण्यांना आता तिथे गावची माहिती मिळते. आठवड्यातून तीन दिवस प्रवासी गाडी येते. चढणारा किंवा उतरणारा कोणी असेल, तरच ती थांबते.