दोन वर्षं कॉलेजात, एक विद्यापीठात : ब्रिटनमधली पदवी या वाटेने कितीला पडते?

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आणि मग इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ही वाट महाराष्ट्रातल्या पालकांना सांगावी लागत नाही. अमेरिकेत तेच काम कम्युनिटी कॉलेज करतं. ब्रिटनमध्ये ती जागा फर्दर एज्युकेशन कॉलेजची, म्हणजे एफई कॉलेजची आहे. घराजवळच्या अशा कॉलेजात दोन वर्षांत एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) किंवा फाउंडेशन डिग्री करायची आणि शेवटचं एक वर्ष विद्यापीठात काढून ऑनर्स पदवी घ्यायची. या शेवटच्या वर्षाला सगळे टॉप-अप म्हणतात. ‘स्वस्त पडतं म्हणे’ अशी याची ख्याती आहे. पडतं, पण सगळ्यांना नाही, आणि बचत बहुतेकांना वाटते त्या खात्यात होत नाही.

आधी इंग्लंडचा हिशोब. तीन वर्षांची ऑनर्स पदवी म्हणजे ३६० क्रेडिट. एचएनडीची २४०, टॉप-अपची १२०. होम विद्यार्थ्यासाठी, म्हणजे फीच्या नियमांत जो स्थानिक ठरतो त्याच्यासाठी, २०२५-२६ मध्ये विद्यापीठाची कमाल फी वर्षाला ९,५३५ पौंड आहे आणि २०२६-२७ साठी ती ९,७९० जाहीर झाली आहे. ज्या कॉलेजाकडे सरकारमान्य ‘अॅक्सेस अँड पार्टिसिपेशन प्लॅन’ नाही त्याला ६,३५५ पौंडांच्या वर जाता येत नाही. तुलना सोपी व्हावी म्हणून सगळं २०२५-२६ च्या दराने धरू. असं स्वस्त कॉलेज मिळालं तर दोन वर्षांचे १२,७१० आणि टॉप-अपचे ९,५३५, मिळून २२,२४५ पौंड. सरळ तीन वर्षं विद्यापीठात काढली तर २८,६०५. फरक ६,३६० पौंडांचा.

आता एक गाठ पडते. एचएनडी पूर्ण झालेल्या मुलाला विद्यापीठाने तिसऱ्याऐवजी दुसऱ्या वर्षात बसवलं, तर फी होते ३१,७८०. म्हणजे सरळ गेला असता त्यापेक्षा तीन हजारांहून जास्त, वर एक वर्ष जादा, आणि त्या वर्षाचं खाणंपिणं, भाडं, प्रवास वेगळाच. स्वस्त वाट महाग होते ती इथे, कॉलेजाच्या फीमध्ये नाही. आणि हे काही क्वचित घडत नाही. एचएनडीचे विषय विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षाशी जुळत नसतील, अकाउंटिंगचं एचएनडी करून फायनान्सला जायचं असेल, इंजिनीअरिंगमध्ये गणित कमी पडत असेल, किंवा नुसता पास असेल आणि विद्यापीठाला मेरिट हवं असेल, तर खालच्या वर्षातून सुरुवात करायला सांगतात. किती क्रेडिट मान्य करायची हा निर्णय विद्यापीठाचा आहे. ‘आमची मुलं तिथे जातात’ असं कॉलेजाने तोंडी सांगितल्याने विद्यापीठ बांधलं जात नाही.

म्हणून कॉलेजात नाव घालण्याआधी, घातल्यानंतर नव्हे, विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. अमुक कॉलेजचं अमुक नावाचं एचएनडी अमुक ग्रेडने झालं तर कोणत्या पदवीच्या कोणत्या वर्षात प्रवेश मिळेल, जागा राखीव आहेत की निवड होते, आणि कॉलेजाशी लेखी करार असेल तर तो कोणत्या वर्षापर्यंत आहे, एवढं विचारलं की पुरे. इंग्लंडमधल्या नोंदणीकृत संस्थांना विद्यार्थ्यांच्या स्थलांतराची व्यवस्था जाहीर करावी लागते, २०१७ च्या कायद्याने तसं बंधन आहे, त्यामुळे वेबसाइटवर त्याचं पान सापडतं. ते बहुधा गुळमुळीत असतं. ईमेल जास्त कामाचा.

यूकास या विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक केंद्राच्या अर्जात ‘पॉइंट ऑफ एंट्री’ असा एक रकाना असतो. तो कोरा राहिला तर अर्ज पहिल्या वर्षाचा धरला जातो. तिसऱ्या वर्षात जायचं असेल तर तिथे ३ लिहायचं. काही कॉलेजं आपल्या विद्यार्थ्यांचे टॉप-अपचे अर्ज भागीदार विद्यापीठाकडे परस्पर पाठवतात, मग यूकासची गरजही पडत नाही. आणखी एक नावातला घोळ : फाउंडेशन डिग्री वेगळी, फाउंडेशन इयर वेगळं. फाउंडेशन इयर म्हणजे पदवीच्या आधीचं शून्याचं वर्ष. त्याने ३६० मधलं एकही क्रेडिट मिळत नाही. फक्त वर्गात शिकवायच्या विषयांना त्याची कमाल फी ५,७६० पौंड आहे. जाहिरातीत दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असतात.

आता त्या ६,३६० पौंडांच्या बचतीकडे परत जाऊ. होम विद्यार्थी फी खिशातून भरत नाही, स्टुडंट फायनान्सचं, म्हणजे सरकारी, कर्ज थेट संस्थेला जातं. २०२३ च्या ऑगस्टनंतर शिकायला लागलेल्यांना इंग्लंडमध्ये प्लॅन ५ लागू आहे : वर्षाला २५,००० पौंडांच्या वर जे कमवाल त्याच्या ९ टक्के, जास्तीत जास्त ४० वर्षं. ३०,००० पगार असेल तर वर्षाला ४५० पौंड कापले जातात, मग डोक्यावर २२ हजार असोत की २८ हजार. फी वाचल्याने हप्ता कमी होत नाही, कर्ज लवकर फिटतं, तेही पगार बरा असेल तर. त्यामुळे फीच्या फरकाकडे पाहून कॉलेज निवडणाऱ्यांनी जरा थांबावं.

हातातला पैसा वाचतो तो भाड्यात. सरकारचं राहणीखर्चाचं कमाल कर्जच पाहा : २०२५-२६ मध्ये घरी राहणाऱ्याला ८,८७७ पौंड, लंडनबाहेर वेगळं राहणाऱ्याला १०,५४४, लंडनमध्ये वेगळं राहणाऱ्याला १३,७६२. हा कमाल आकडाही घराचं उत्पन्न २५,००० च्या आत असेल तर मिळतो, आणि ती मर्यादा २००८ पासून जागची हललेली नाही. दोघे नोकरी करणाऱ्या अनेक मराठी घरांना किमान कर्जच मिळेल, उरलेलं भाडं आईबापांनी भरायचं. हॅरो, स्लाव किंवा मिल्टन कीन्सच्या घरातून मुलगी दोन वर्षं बसने कॉलेजला गेली, तर खरी बचत ती. घरापासून दूर खोली घेऊन एचएनडी करण्यात मात्र मला पैशाचं एकही कारण दिसत नाही.

एक तोटा खर्चात दिसत नाही. टॉप-अपला गेलेल्याचा क्लास, म्हणजे पदवीची श्रेणी, बहुतेक ठिकाणी त्या एकाच वर्षाच्या गुणांवर ठरतो. सरळ गेलेल्याला दुसऱ्या वर्षाचाही आधार असतो. नव्या विद्यापीठात पहिले दोन महिने ग्रंथालय आणि संदर्भ देण्याची पद्धत समजून घेण्यात जातात, आणि तोवर डिसर्टेशनचा विषय द्यायची वेळ येते.

इथवरचं सगळं होम फीचं. स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या आयटीतल्या कुटुंबांना जो धक्का बसतो तो पुढे आहे. आईवडील इथे कर भरतात, मूल इथल्या सरकारी शाळेत शिकलेलं असतं, तरी आयएलआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी, नसेल तर सर्वसाधारणपणे ते इंटरनॅशनल धरलं जातं. त्या फीला कायद्याची कमाल मर्यादा नाही आणि स्टुडंट फायनान्सचं कर्जही नाही. आयएलआर हवा, आणि कोर्स सुरू होण्याआधी तीन वर्षांचं वास्तव्य हवं. शरद ऋतूत सुरू होणाऱ्या कोर्सला हिशोबाची तारीख १ सप्टेंबर. इंग्लंडमध्ये दीर्घ वास्तव्याची आणखी एक खिडकी आहे, ती फार कमी पालकांना माहीत असते : त्या दिवशी मूल १८ च्या आत असेल तर सात वर्षांचं वास्तव्य, १८ किंवा वर असेल तर अर्धं आयुष्य किंवा २० वर्षं, आणि शेवटची तीन वर्षं कायदेशीर. दहाव्या वर्षी आलेली मुलगी १ सप्टेंबरला अजून १७ ची असेल आणि सात वर्षं भरली असतील, तर ती होम ठरू शकते. त्याच दिवशी नुकत्याच १८ च्या झालेल्या मुलाला नऊ वर्षं दाखवावी लागतील. असा नियम करणाऱ्याने मुलांच्या वाढदिवसांचा विचार केला असेल असं वाटत नाही.

एचएनडी चालू असताना आयएलआर मिळाला तर टॉप-अपला फी बदलेलच असं गृहीत धरू नका. दोन कोर्स सलग असतील तर ते एकच कोर्स मानले जाण्याची शक्यता असते. कॉलेज आणि विद्यापीठ दोघांकडून फीचा दर्जा लेखी घ्या. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत आयएलआरची वाट पाच वर्षांवरून दहावर नेण्याचा प्रस्ताव आला. मोठं मूल नववी-दहावीत असेल तर हा हिशोब आत्ताच मांडायला हवा.

स्कॉटलंडची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते ही वाट सर्वांत चांगली बांधलेली तिथेच. तिथली ऑनर्स पदवी चार वर्षांची, त्यामुळे एचएनसी (एक वर्षाचं हायर नॅशनल सर्टिफिकेट) करून दुसऱ्या वर्षाला आणि एचएनडी करून तिसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला तरी वर्ष वाया जात नाही. एचएनडीची फी वर्षाला १,२८५ पौंड, पदवीची १,८२०. चार वर्षांचे ६,२१० पौंड, आणि पात्र स्कॉटिश रहिवाशासाठी तेही सास ही सरकारी संस्था भरते, पण अर्ज दरवर्षी करावा लागतो. ग्लासगो कॅलेडोनियन, एडिनबरा नेपियर यांसारखी विद्यापीठं एचएनडीवाल्यांना मोठ्या संख्येने घेतात. जुन्या, नामवंत विद्यापीठांत हा दरवाजा किलकिलाच असतो. लंडनच्या मुलाने मात्र हे वाचून सामान बांधू नये : इंग्लंडच्या रहिवाशाला स्कॉटलंडमधलं विद्यापीठ वर्षाला ९,५३५ पौंडांपर्यंत फी लावू शकतं.

महाराष्ट्रातून थेट येणाऱ्यांनी एफई कॉलेजच्या फंदात पडू नये. सरकारी अनुदानावरच्या एफई कॉलेजात स्टुडंट व्हिसावर नोकरीची परवानगी नसते, आणि नुसत्या एचएनडीवर ग्रॅज्युएट व्हिसाही मिळत नाही, त्याला पदवी लागते. एमएसबीटीईचा, म्हणजे पॉलिटेक्निकचा, तीन वर्षांचा डिप्लोमा असेल तर तो विद्यापीठालाच दाखवून वरच्या वर्षात प्रवेश मागावा. फीशिवायचा खर्च असा : व्हिसा ५२४ पौंड (एप्रिल २०२५ चा दर), आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ आणि १२ महिन्यांच्या पुढे सहा महिन्यांपर्यंत आणखी ३८८. नोव्हेंबर २०२५ पासून राहणीसाठी लंडनला महिना १,५२९ आणि इतरत्र १,१७१ पौंड दाखवावे लागतात. नऊ महिन्यांचे १३,७६१ किंवा १०,५३९ झाले, आणि ते खात्यात सलग २८ दिवस हवेत. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर एप्रिल २०२५ पासून टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना कापला जाणारा कर) नाही. स्वतःचे पैसे वर्षाला १० लाखांच्या वर गेले तर तो कापला जातो आणि विवरणपत्रात वळता होतो. ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना १८ महिनेच मिळतील.

हमरस्त्यावरच्या ऑफिसातून ‘फी नाही, कर्ज आम्ही काढून देतो’ म्हणणारे एजंट भेटतात. कर्ज तुमच्या नावावर असतं. खासगी संस्था विद्यापीठाच्या नावाने शिकवतात त्या फ्रँचाइझ कोर्सेसमधल्या कर्ज-गैरव्यवहारावर नॅशनल ऑडिट ऑफिसने जानेवारी २०२४ मध्ये अहवाल दिला होता. पदवी कोण देणार हे विचारा आणि ते नाव ऑफिस फॉर स्टुडंट्स या इंग्लंडच्या नियामकाच्या नोंदवहीत पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि कर्जाची पद्धतच बदलते आहे. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या कोर्सेसना ‘लाइफलाँग लर्निंग एंटायटलमेंट’ लागू होईल : फीच्या कर्जासाठी माणशी ३८,१४० पौंड, म्हणजे ९,५३५ च्या दराने चार वर्षं, आणि घेतलेल्या शिक्षणाच्या प्रमाणात शिल्लक घटत जाणार. सप्टेंबर २०२६ मध्ये एचएनडीला बसणारा जुन्या नियमांत येतो, पण त्याचं टॉप-अप २०२८ मध्ये. त्या वर्षाचं कर्ज कोणत्या नियमाने मिळेल, हे स्टुडंट फायनान्सला एचएनडीचा अर्ज भरतानाच विचारून ठेवा.