छाटकलमांपासून वामनवृक्ष : आधी शेत, मग कुंडी

शेतकऱ्यास छाटकलमाचे तत्त्व नव्याने शिकविण्याचे कारण नाही. उसाचे बेणे तो कांडीने लावतो, पांगारा व शेवगा यांच्या फांद्या बांधावर रोवतो, आणि वडाची मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडी जमिनीत पुरली असता ती फुटते, हे त्याच्या आजोबांसही ठाऊक होते. असे असता त्याच फांदीपासून वामनवृक्ष, म्हणजे ज्यास जपानी भाषेत बोन्साय म्हणतात ते झाड, घडविण्याची विद्या मात्र शहरातील गच्चीवर राहिली आहे, आणि ती आपली नव्हे असे आपण समजून चाललो आहो. प्रस्तुत लेखात दाखवावयाचे ते इतकेच की, या कामातील सर्वांत कठीण भाग म्हणजे खोड जाड करणे. आणि तो कुंडीत साधत नाही, जमिनीत साधतो. ज्याच्यापाशी गुंठाभर जमीन व विहिरीचे पाणी आहे, त्याच्या हाती गच्चीवाल्यापेक्षा अधिक साधन आहे.

ही विद्या कोठली

लहान पात्रात झाड वाढविण्याची कला मूळची चीन देशातील. इ. स. ७०६ मध्ये बांधलेल्या तेथील एका राजपुत्राच्या थडग्यातील भिंतीवर, हातात छोट्या झाडाचे पात्र घेतलेला सेवक रंगविलेला आहे. पुढे ती जपानात गेली व तेथे तिला आजचे रूप आले. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो शहरातील या धंद्याचे माळी बाहेर पडले व त्यांनी १९२५ मध्ये ओमिया येथे आपली वसाहत केली. ती आजही प्रसिद्ध आहे. परंतु शेतकऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे असे ठिकाण निराळेच आहे. शिकोकू बेटावरील ताकामात्सु शहराच्या हद्दीत किनाशी व कोकुबुंजी हे भाग आहेत. तेथे वामनवृक्षांसाठी चीड जातीची झाडे शेतात ओळींनी लावून पिकासारखी वाढवितात व पुढे कुंडीत घेतात. ती झाडे बियांची असतात, आपण छाटकलम घेणार. तथापि आधी शेत व मग कुंडी हे तत्त्व दोहोंकडे एकच.

झाडास उपाशी ठेवून खुजे करणे हे पाप होय, असा आक्षेप पुष्कळदा ऐकू येतो. तो गैरसमजावर उभा आहे. वामनवृक्षास खत, पाणी व ऊन ही वेळच्या वेळी द्यावीच लागतात. तो लहान राहतो तो छाटणीने, उपासाने नव्हे. जपानातील यामाकी घराण्याकडील एक चीड १६२५ पासून कुंडीत आहे असे मानतात. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा ते झाड त्याच शहरात होते व वाचले. १९७६ मध्ये ते अमेरिकेस भेट देण्यात आले. उपाशी झाड इतकी वर्षे जगत नाही.

झाडाची निवड

आपल्याकडे आरंभ करणाराने वड, नांदरूक, डाळिंब व बोगनवेल ही चार झाडे घ्यावीत. चारही छाटकलमाने येतात, पुन्हा पुन्हा केलेली छाटणी सोसतात व आपल्या उन्हास सरावलेली आहेत. पिंपळाचे छाटकलम वडाइतके सहज जगत नाही, म्हणून तो पुढे हात बसल्यावर घ्यावा.

बियांच्या रोपापेक्षा छाटकलम या कामी सोयीचे, याची कारणे दोन. पहिले हे की, छाटकलमास सोटमूळ नसते; मुळ्या बुडाभोवती चहूकडून निघतात व उथळ पात्रास अशाच मुळ्या हव्या असतात. दुसरे हे की, फांदी प्रौढ झाडाची असल्याने डाळिंबासारखे झाड बियांच्या रोपाहून लवकर फुलावर येते. मात्र छाटणीने पाने लहान होतात, फळे लहान होत नाहीत. म्हणून फळांसह शोभा हवी असल्यास डाळिंबाची मुळातच लहान फळांची ठेंगणी जात मिळवावी.

भिंतीत किंवा किल्ल्याच्या तटात उगवलेले जुने वड उपटून आणण्याचा मोह काहींस होतो. सरकारी वनातील झाड परवानगीवाचून काढणे हा गुन्हा आहे, आणि असे झाड बहुधा मरतेही. छाटकलम करणारास त्याची गरजच पडत नाही.

कलम लावण्याची रीत

वड व नांदरूक यांच्या फांद्या पावसाळ्याच्या आरंभी घ्याव्यात. डाळिंबाच्या फांद्या बाग विश्रांतीत असता जी छाटणी होते तीतून निवडाव्यात. एरवी त्या जाळल्याच जातात. परंतु ज्या बागेत तेल्या रोग आहे तेथील एकही काडी घेऊ नये. हा रोग जंतूंमुळे होतो व कलमाबरोबर आणि कात्रीबरोबर पसरतो. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री स्पिरिटने पुसावी.

फांदी सुमारे वर्षाची, पक्व व पेन्सिलीइतकी जाड असावी. वडाची अंगठ्याइतकी चालते. नऊ-दहा इंचांचा तुकडा करावा. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली सरळ घ्यावा, वरचा काप डोळ्याच्या वर तिरपा घ्यावा. म्हणजे शेंडा-बूड यांची अदलाबदल होत नाही व वर पाणीही साचत नाही. वड-नांदरुकाचा चीक पाण्याने धुऊन काप तासभर सावलीत सुकू द्यावा. डाळिंबाच्या मुळ्या लवकर सुटाव्यात म्हणून इंडोल ब्युटिरिक ॲसिड वापरतात. त्याचे प्रमाण लिटरास दोन ग्रॅम. पावडर आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग पाणी घालावे व काडीचे बूड त्यात पाच-दहा सेकंदच बुडवावे. वडास व नांदरुकास याची आवश्यकता नाही.

जाड वाळू व कुजलेले पानखत समभाग मिसळून गादीवाफा करावा. काडीचा दोन तृतीयांश भाग मातीत व दोन-तीन डोळे वर राहतील अशी ती रोवून माती घट्ट दाबावी, वर सावली करावी व ओल कायम राखावी; पाणी मात्र तुंबू देऊ नये. पंधरा-वीस दिवसांत पाने फुटली म्हणून कलम जगले असे समजू नये. ती पाने काडीतील साठ्यावर येतात. मुळ्या सुटण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर काडी हलवून पाहणे म्हणजे कोवळी मुळी तोडणे होय.

शेतातील वर्षे

पुढील मृगात ही रोपे शेतात न्यावीत. भेगा पडणारी काळी जमीन टाळावी. मुरमाड किंवा तांबडी, निचऱ्याची जमीन चांगली. दोन फुटांच्या सरीत दीड-दीड फुटावर रोप बसवावे. प्रत्येक रोपाखाली फरशीचा किंवा फुटक्या कौलाचा फूटभर रुंद तुकडा ठेवून, त्यावर मुळ्या गाडीच्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे पसराव्यात व मग माती ओढावी. खाली जाण्यास वाट नसल्याने त्या आडव्या वाढतात व खोडाचे बूड रुंद होते.

आता मुख्य मुद्दा. पहिली दोन वर्षे शेंड्यास कात्री लावू नये. खोड पोसले जाते ते पानांनी केलेल्या अन्नावर. पाने जितकी अधिक, तितके खोड जाड. उथळ पात्रात कोवळे रोप लावून त्याची सतत छाटणी केल्यास ते वर्षानुवर्षे काडीच राहते, आणि पुष्कळ लोकांचा उत्साह येथेच मावळतो. शेतात तेच रोप मोकळे वाढते. बुडाजवळ एखादी फांदी मुद्दाम लांब वाढू द्यावी. हिला आपण राबती फांदी म्हणू. ती आपल्याखालचे खोड जाड करते व काम झाले की मुळाशी कापून टाकावयाची असते.

बुडाशी खोड दोन इंचांच्या घरात आले की, नव्या पालवीच्या आधी, फाल्गुन-चैत्रात, ते योजलेल्या उंचीच्या तिसऱ्या हिश्शावर, डोळ्याच्या वर तिरपे कापावे. पाण्याची सोय नसल्यास हे काम मृगापर्यंत थांबवावे. कापास बोर्डो मलम लावावे. जो जोमदार फुटवा निघेल त्यास नवा शेंडा करून पुन्हा मोकळे वाढू द्यावे, व तो जाड झाला की पुन्हा कापावे. असे दोन-तीन वेळा केले म्हणजे बुडाशी जाड व वर निमुळते होत जाणारे, जुन्या वृक्षासारखे खोड तयार होते. याच काळात दरवर्षी पावसाच्या आरंभी खोडापासून सहा-आठ इंचांवर चौफेर फावड्याने मुळ्या तोडाव्यात, म्हणजे बारीक मुळ्यांचे जाळे जवळच होते.

कुंडी व वळण

चौथ्या-पाचव्या वर्षी झाड काढावे, जाड मुळ्या आखूड कराव्यात व त्या मानाने पालाही कमी करावा. पहिले वर्ष लाकडी खोक्यात किंवा साध्या कुंडीत ठेवून मग उथळ पात्रात घ्यावे. पात्राची खोली सामान्यतः बुडाशी असलेल्या खोडाच्या जाडीइतकी, व लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश असावी. विटांचा चुरा, जाड वाळू व कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. चुरा व वाळू यांतील बारीक धूळ चाळून टाकावी. नंतर तीन-चार आठवडे सावली द्यावी.

फांद्यांस वळण देण्यास ॲल्युमिनियमची तार, फांदीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी जाड, तिरप्या वेढ्यांनी गुंडाळावी. पावसाळ्यात फांदी झपाट्याने फुगते, म्हणून दर आठवड्यास तार पाहावी व रुतण्यापूर्वी कापून काढावी; उलगडू नये, फांदी मोडते. चैत्र-वैशाखात पाणी दोन वेळा द्यावे लागते. रोज पाणी घालणारा माणूस घरात नसेल तर कुंडीपर्यंत जाऊच नये, शेतातच थांबावे.

हिशेब

वाटण्या होऊन पुष्कळांच्या उताऱ्यावर आता एकरांऐवजी गुंठेच उरले आहेत. एका गुंठ्यात १०८९ चौरस फूट जागा असते. वर सांगितलेल्या अंतराने, वाटा वगळून, तीत तीनशेच्या आसपास झाडे बसतात. खर्च थोडा आहे, वेळ मात्र पाच-सहा वर्षांचा आहे. म्हणून ज्या जमिनीवर घरचे धान्य येते ती यास देऊ नये. विहिरीजवळचा तुकडा पुरेसा आहे. आरंभ पन्नास काड्यांनी करावा व जवळच्या शहरातील रोपवाटिकेस कोणत्या झाडाची मागणी आहे हे आधी विचारून घ्यावे. उथळ पात्रातील नाजूक काम न जमल्यास, शेतात घडलेले जाड खोडाचे झाडही पुढील काम करणारास उपयोगी पडते.

एक वही मात्र अवश्य ठेवावी. तीत काडी कोणत्या झाडाची, कोणत्या तारखेस लावली, किती जगल्या, खोड केव्हा कापले व दरसाल जूनमध्ये बुडाची जाडी किती भरली, हे रकाने पाडून लिहावे. वर्षावर्षाची वाढ डोळ्यांस दिसत नाही, पण वहीत दिसते. आणि ज्यास ती दिसते त्याचा धीर सुटत नाही. येत्या छाटणीत पन्नास चांगल्या काड्या जाळण्यातून वाचवाव्यात व कामास लागावे.