हाराआधीचा फोटो

माझ्या दुकानात फोटो मोठा करून फ्रेम करायला येणारे बरेच जण दहाव्या-बाराव्याच्या घाईत असतात. मोबाईल पुढे धरून म्हणतात, "दादा, यातले आमचे बाबा तेवढे मोठे करून द्या." फोटो कुणाच्या तरी लग्नातला. बाबा मागच्या रांगेत, अर्धे एका फेट्याआड. बोटांनी ताणलं की चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन.

८ बाय १० इंचाच्या स्वच्छ प्रिंटला साधारण २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात. ग्रुपमधून कापलेल्या चेहऱ्यात त्याचा दहावा हिस्साही नसतो. सॉफ्टवेअर उरलेलं स्वतःच्या मनाने भरतं. अशी एक फ्रेम "हे आमचे बाबा नव्हेत" म्हणून परत आली, आणि तक्रार खरीच होती.

म्हणून गिऱ्हाइकांना सांगत असतो, घरातल्या वडीलधाऱ्यांचा एकेक नीट फोटो आत्ताच काढून ठेवा. १२ मेगापिक्सेलचा साधा मोबाईल त्याला पुरतो. कमी पडतो तो उजेड.

डोक्यावरच्या ट्यूबलाइटखाली डोळ्यांच्या खोबणीत सावल्या पडतात आणि माणूस आजारी दिसतो. खिडकीकडे पाठ करून बसवलं तर चेहरा काळा पडतो. त्यापेक्षा घरातले दिवे बंद करा, आजोबांना दाराच्या आत दोन-तीन फुटांवर खुर्चीत बसवा आणि चेहरा बाहेरच्या उजेडाकडे किंचित तिरका ठेवा. ऊन थेट अंगावर नको. एक गाल फार अंधारात गेला तर त्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरावी. तेवढ्याने सावली निवळते. चष्म्यावर चमक आली तर हनुवटी जराशी खाली घ्यायला सांगा.

लेन्स आधी मऊ सुती कापडाने पुसा. बोटांचा तेलकटपणा राहिला की सगळा फोटो धुरकट येतो. मोबाईलची मुख्य लेन्स वाइड असते, अगदी जवळून काढलं तर नाक फुगतं. पाच-सहा फूट मागे उभं राहा, मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. स्क्रीनवर डोळ्यावर टॅप करून फोकस घ्या. पांढरे केस किंवा टोपी उजेडात हरवत असेल तर ब्राइटनेस थोडा उतरवा. दूर उभं राहून बोटांनी झूम वाढवत नेऊ नका, त्यात बारकावे जातात. ब्यूटी मोड बंद ठेवा. सुरकुत्या पुसल्या की ओळखही पुसते.

मागे कॅलेंडर, वाळत घातलेले कपडे, डोक्यातून उगवलेला पंख्याचा दांडा दिसतोय का, ते बघा. आणि "हसा" म्हणू नका, माणूस लगेच अवघडतो. जुन्या नोकरीचा, गावच्या जत्रेचा विषय काढा आणि बोलता बोलता आठ-दहा फोटो घ्या. एखाद्यात तरी डोळे बोलतात.

निवड मात्र त्यांनाच करू द्या. एक आजी स्वतःच दुकानात येऊन फोटो पसंत करून गेल्या. म्हणाल्या, "पोरं कुठला लावतील, भरवसा नाही!" निवडलेल्या फोटोची मूळ फाइल दोन ठिकाणी जपा. व्हॉट्सॲपवर धाडायची तर डॉक्युमेंट म्हणून धाडा, म्हणजे पिक्सेल कमी होत नाहीत. एक प्रिंट काढून भिंतीवर लावा. रोज येता-जाता त्यांनाही ती बघता येईल.