बॅकअप झाला की फोन यायला हवा!

व्हिडिओत घाईत सांगितलेला मुद्दा इथे नीट लिहून देतोय.

माझ्या दुकानाच्या बिलिंगचा बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर आपोआप जायचा. म्हणजे मी तसं धरून चाललो होतो! एक दिवस कॉम्प्युटर बंद पडला आणि कळलं, शेवटची फाइल १९ दिवसांपूर्वीची. पेनड्राइव्ह भरला होता. उधारीची वही हाताने लिहिलेली होती, म्हणून वाचलो.

मोठ्यांचंही असं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरकडून चुकून चालू डेटाबेसच डिलीट झाला. बॅकअपची जागा बघितली, तर रिकामी! बॅकअप घेणाऱ्या प्रोग्रॅमचं व्हर्जन डेटाबेसशी जुळत नव्हतं, त्यामुळे तो फेल होत होता. तसे ईमेलही निघत होते, पण समोरून ते नाकारले जात होते. नशिबाने सुमारे ६ तास आधी हाताने घेतलेली कॉपी मिळाली. मधल्या तासांतला डेटा मात्र गेला. हे सगळं कंपनीने स्वतःच जाहीर केलं.

यातून काय शिकायचं? ‘फेल झाला’ असा मेसेज आला नाही, म्हणजे बॅकअप झाला असं नाही. कॉम्प्युटरच बंद असेल तर फेलचा मेसेज पाठवणार कोण? मुलगा गावाला निघाला की आई म्हणते, ‘पोचलास की फोन कर.’ फोन आला नाही की ती चौकशी सुरू करते. बॅकअपलाही हाच नियम लावा.

१. मुदत ठरवा. किती तासांची बिलं पुन्हा टाइप करायची तुमची तयारी आहे? रोज बॅकअप असेल तर २६ तास धरा, २ तास सवलतीचे.

२. बॅकअप पूर्ण झाल्यावरच निरोप जाऊ दे. हेल्थचेक्ससारख्या सेवेत मुदत भरून ठेवता येते. वेळेत निरोप पोचला नाही की ती तुम्हाला ईमेल करते.

३. हे जमत नसेल तर मोबाइलवर रोजचा अलार्म लावा. शेवटच्या फाइलची तारीख आणि साइज बघा. साइज अचानक घटली तर काहीतरी गडबड आहे.

४. अलार्मचीही परीक्षा घ्या. एक दिवस मुद्दाम बॅकअप बंद ठेवा. मेसेज आला का?

५. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून बघा. उघडत नाही तो बॅकअप नाहीच.

आज दुकान बंद करण्याआधी एकच काम करा: शेवटच्या बॅकअपची तारीख बघा.