पद्मदुर्गाची रसद आणि आजचा व्यवस्थापक

मुरूडच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कासा नावाचा खडक आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात या खडकावर पद्मदुर्ग बांधविला. शत्रूच्या डोळ्यांदेखत, भरती-ओहोटी सांभाळून चाललेले हे काम होते. त्यासाठी दौलतखान आणि दर्यासारंग या आरमारी सरदारांकडे रोख रक्कम व धान्य पोहोचविण्याची जबाबदारी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याच्यावर सोपविली होती. रसद वेळेवर गेली नाही. त्याबद्दल महाराजांनी त्याला लिहिलेले कडक पत्र उपलब्ध असून, कामाच्या ठिकाणी माणसांशी कसे वागावे याचा अभ्यास करणाऱ्याने ते अवश्य वाचावे.

या पत्रातील राग सर्वांच्या लक्षात राहतो. त्याची रचना मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. कोणते काम सांगितले होते, ते झाले नाही, त्यामुळे आरमाराची कशी अडचण झाली आणि त्याचा लाभ अखेर कोणाला होणार, हे सुभेदाराला स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. त्याच्या जातीचा वा प्रतिष्ठेचा मुलाहिजा ठेवला जाणार नाही, हेही बजावले आहे. कसुराबद्दल जाब विचारताना अनेक अधिकारी मोघम बोलतात. “तुमचे काम समाधानकारक नाही” एवढ्यावर कर्मचाऱ्याला काहीच उमगत नाही. उलट आपल्यावर साहेबांचा राग आहे, एवढीच समजूत करून घेऊन तो बाहेर पडतो. काय राहिले आणि त्याचा त्रास कोणाला झाला, हे कळले तर सुधारणेची वाट निदान दिसू लागते. सुभेदार शत्रूला फितूर झाला असावा, असा संशयही पत्रात आहे. युद्धाच्या धामधुमीत तो समजण्यासारखा असला, तरी आजच्या व्यवस्थापकाने रीतसर चौकशीवाचून कोणाच्या हेतूविषयी शंका घेऊ नये, हे बरे.

मुळात रसद थांबली तेव्हा उपाशी राहण्याची पाळी सुभेदाराच्या कचेरीवर येणार नव्हती. ती समुद्रातल्या माणसांवर येणार होती. व्यवस्थापकाच्या टेबलावरील दिरंगाईची झळ अशीच दूरच्या टोकाला असलेल्या माणसाला लागते. रात्रपाळीच्या कामगाराला हातमोजे मिळाले नाहीत किंवा कंत्राटी मजुराचा पगार आठ दिवस अडला, तर त्यानंतर केलेल्या गोड बोलण्याला फारसा अर्थ उरत नाही.

त्याच काळात चिपळूणजवळ हलवर्ण येथे छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अंमलदारांना महाराजांनी पाठविलेले पत्र निराळ्या धाटणीचे आहे. पावसाळ्यापुरता साठविलेला दाणावैरण आताच उधळला तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि मग शिपाई रयतेला उपद्रव देतील; रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, असे त्यात समजावून सांगितले आहे. येथे प्रत्येक मनाईला तिचे कारण जोडलेले आहे. कारखान्यात ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी लावणे सोपे असते. एका ठिणगीने काय घडेल, हे नव्या कामगाराला शेजारी उभे राहून सांगण्यास मात्र वेळ काढावा लागतो.

मुरूड परिसरातीलच लाय पाटील या कोळी पुढाऱ्याची हकिकत प्रसिद्ध आहे. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जंजिऱ्याला वेढा दिला असता, लाय पाटलाने रात्रीच्या अंधारात किल्ल्याच्या तटाला शिड्या लावल्या. परंतु मोरोपंतांची माणसे वेळेवर आली नाहीत, आणि पहाट होऊ लागल्याने त्याला शिड्या काढून परतावे लागले. मोहीम फसली. तरीही महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. समुद्रावर फिरणाऱ्या माणसाला पालखीचा काय उपयोग, म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला. तेव्हा महाराजांनी त्याच्यासाठी गलबत बांधवून त्याचे नावच ‘पालखी’ ठेवविले, असे सांगितले जाते. अपयश ज्याच्या हातून घडले नाही, त्याच्या पराक्रमाची येथे कदर झाली, तीही त्याच्या उपयोगी पडेल अशा रूपात. आजकाल वार्षिक समारंभात सर्वांना सारखीच भिंतीवरची घड्याळे वाटली जातात. त्यापेक्षा एखाद्या कुशल जोडाऱ्याला प्रगत प्रशिक्षणासाठी पाठविणे, हा त्याचा अधिक मोठा सन्मान ठरतो.

१९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. त्याच दशकात थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खत कारखाना उभा राहिला आणि १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथील बंदर सुरू झाले. अशा प्रकल्पांसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या कुटुंबांतील माणसे तेथे नोकरीला येतात, तेव्हा व्यवस्थापकासमोर केवळ हजेरीपटावरचे नाव उभे नसते. कालपर्यंत त्याच मातीत भात लावणारा शेतकरी किंवा मिठागरात राबणारा आगरी बांधव त्याच्यासमोर असतो. त्याचा प्रश्न पुरता ऐकून घेण्यापूर्वीच नियमावली उघडणारा अधिकारी त्याचा विश्वास गमावतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने मालक व कामगार यांच्या संयुक्त समितीची तरतूद केली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती कायम आहे. पण समितीच्या बैठकीत नुसता चहा होऊन इतिवृत्तावर सह्या होणार असतील, तर तक्रारी पुन्हा फाटकाबाहेरच बोलल्या जातात.

रायगडच्या किनाऱ्यावर या कौशल्याची खरी कसोटी गौरी-गणपतीत लागते. रजा सर्वांनाच हवी असते, आणि अमोनियाचा संयंत्र काही सणासाठी थांबत नाही. त्यामुळे रजेचे अर्ज जुलैमध्येच मागवावेत, गेल्या वर्षी गणपतीत कामावर राहिलेल्यांना यंदा प्रथम पसंती द्यावी आणि तयार झालेला तक्ता सर्वांना दिसेल असा फलकावर लावावा. त्या तक्त्यात व्यवस्थापकाचेही नाव असावे, आणि जमल्यास विसर्जनाच्या दिवशीच्या पाळीसमोर.