जुन्या जीपला पुढचे डिस्क ब्रेक : बसवण्याआधी काय पाहाल?



गाळप हंगाम आटोपला, की गावोगावच्या जुन्या जीपगाड्या मेस्त्रीच्या दारात येऊन उभ्या राहतात. हंगामभर फडातली ढेकळं, ओढ्याचं पाणी आणि घाटातली उतरण सोसलेली असते. अशा वेळी हमखास प्रश्न येतो, "पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवू का?" आमचं उत्तर असं : जरूर बसवा, पण अर्धवट बसवू नका. नुसती डिस्क बदलली आणि बाकीचं सगळं जुनंच ठेवलं, तर ती जीप चांगल्या ड्रम ब्रेकच्या जीपपेक्षाही धोक्याची होते. हे कसं, ते या पाठात पाहू.

ड्रम कुठे कमी पडतो?

महिंद्राच्या सीजे-३बी सारख्या जुन्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ब्रेकचं काम म्हणजे वेगाची उष्णता करणं. वेग दुप्पट झाला, की ही उष्णता चौपट होते. माणसं व सामान धरून १,५०० किलो वजनाची जीप ताशी ८० किलोमीटर वेगावरून एकदा थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर लिटरभर पाण्याला उकळी येईल. ४० च्या वेगाला पाव लिटर पाणी पुरे. आता कुंभार्लीसारख्या घाटात उतरताना किती वेळा ब्रेक लागतो, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून लांब जातो. पेडल खाली खाली जाऊ लागतं. ओढ्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी आणि चिखल अडकून बसतो, आणि पुढच्या वळणावर ब्रेक धरत नाही. डिस्क उघडी असते. ती वाऱ्यावर निवते, पाणी झटकून टाकते. म्हणून ती चांगली. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीला पुढे डिस्क होती, ती उगाच नव्हे.

पण डिस्कच्या मागण्या वेगळ्या आहेत

१) बूस्टर. ड्रममधला एक शू चाकाच्या फिरण्यानेच ड्रममध्ये ओढला जातो, म्हणून पायाला जोर कमी लागतो. डिस्कमध्ये ही फुकटची मदत नाही. पॅड दाबायला जास्त दाब हवा, त्यासाठी बूस्टर हवा. पेट्रोल इंजिनला बूस्टरचा व्हॅक्यूम मॅनिफोल्डवरून मिळतो. डिझेलला तो तसा मिळत नाही, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. डिझेल जीपला पंपाशिवाय बूस्टर लावणं म्हणजे विहिरीला मोट आहे पण बैल नाही, अशातली गत.

२) मास्टर सिलिंडर. कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, त्याला ऑइल जास्त लागतं. जुना सिलिंडर पुरा पडला नाही, तर पेडल फळीला टेकतं. शिवाय जुन्या सिलिंडरला एकच लाइन आहे. एक होस पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. बदलायचाच आहे तर पुढच्या-मागच्या लाइन वेगळ्या असणारा, दोन कप्प्यांचा सिलिंडर घ्या.

३) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह. ही बाब पुष्कळ मेस्त्री विसरतात. ड्रमच्या लाइनमध्ये पेडल सोडल्यावरही चौरस इंचाला साधारण १० पौंड दाब राखलेला असतो. तोच दाब डिस्कला राहिला, तर पॅड सुटत नाहीत आणि चाक तापतं. उलट, आपल्या जुन्या जीपचा सिलिंडर फळीखाली, कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीला असतो. दाब मुळीच ठेवला नाही, तर ऑइल उतरून मागे येतं आणि पहिलं पेडल रिकामं जातं. म्हणून पुढच्या लाइनला २ पौंडाचा व्हॉल्व्ह, मागच्या ड्रमला १० पौंडाचा.

४) मागच्या चाकांचा दाब. ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. रिकाम्या जीपची मागची चाकं आधी अडकली, तर गाडी आडवी होते. मागच्या लाइनला दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या.

५) बसवणी. कॅलिपर धरणारी प्लेट नट-बोल्टाने पक्की बसणारी हवी. नकलवर वेल्डिंगचे ठिपके मारून भागवू नये. रिम आणि कॅलिपर यांच्यात चहूबाजूंनी फट राहिली पाहिजे. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून होस पाइप ताणत किंवा टायरला घासत नाही ना, ते पाहा.

एअर काढताना

एअर काढायची निपल कॅलिपरच्या वरच्या अंगाला आली पाहिजे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला, की निपल खाली जाते आणि दिवसभर पंप मारला तरी एअर निघत नाही. सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ऑइल सीलबंद डब्यातलंच वापरा. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट-३ ऑइल कोरडं असताना २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पाणी शोषलं, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. इंजिन ऑइलचा किंवा डिझेलचा थेंबही आत जाऊ देऊ नका, रबरं फुगतात. जुन्या लायनरची भुकटी हवेच्या पाइपने उडवू नका. तिच्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसाला घातक आहे.

चाचणी

आधी मोकळ्या सपाट रानात २० च्या वेगाने ब्रेक मारून पाहा. गाडी एका बाजूला ओढते का, मागची चाकं आधी अडकतात का, ते मातीवरच्या खुणा सांगतील. मग ४० च्या वेगाने. नवे पॅड बसण्यासाठी वीस-पंचवीस वेळा मध्यम ब्रेक लावा, मध्ये गाडी निवू द्या. घाटात लगेच जाऊ नका. शंभर किलोमीटरनंतर सर्व नट पुन्हा आवळा.

कायद्याची बाब

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपात बसत नाहीत असे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. तेव्हा सामान विकत घेण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात लेखी विचारणा करा. अपघात झाल्यावर कागद शोधत बसण्यात अर्थ नाही.

शेवटी एक सांगणं

वरच्या पाचही गोष्टींना पैसे पुरत नसतील, तर यंदा डिस्कचा नाद सोडा. तेवढ्याच खर्चात काय होतं ते करा : ड्रम लेथवर साफ करून घ्या, लायनर आणि व्हील सिलिंडरची रबरं नवी टाका, ऑइल पूर्ण बदला, शू नीट ॲडजस्ट करा. ओढा ओलांडला की दोन-चार वेळा हलका ब्रेक दाबून लायनर सुकवा. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल करून वाचलेलं डिझेल घरी पोचत नाही. गाडीतली माणसं घरी पोचणं महत्त्वाचं.