अर्ध्या भाकरीनंतर उलटी का होते?

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी वजन कमी करण्यासाठी माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. अर्ध्या भाकरीनंतरच छातीत दाटतं, कधी उलटी होते. पेज, साबुदाण्याची खीर सहज जाते, म्हणून त्यावरच भागवते. केसही खूप गळताहेत. शस्त्रक्रिया बिघडली असेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, घाबरू नका. या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढतात. उरलेल्या अरुंद नळीत घास भराभर गेले किंवा जेवताना पाणी प्यायलं, की दाटतंच. या काळात केस गळणंही अनेकांमध्ये दिसतं; बहुतेकदा ते तात्पुरतं असतं.

खरी अडचण पेज-खिरीची आहे. ती सहज उतरते, पण तिच्यात प्रथिनं फारच थोडी, आणि शरीराला ती रोज किमान ६० ग्रॅम हवीत. म्हणून आधी पनीर, अंडं, मऊ मासा किंवा घट्ट वरण, मग भाजी. जागा उरली तरच भाकरी, तीही वरणात कुस्करून. घास बारीक चावा, जेवणाला वीस-तीस मिनिटं द्या. पोट भरल्यासारखं वाटताच थांबा. ताटात उरलं तर उरू द्या, घरच्यांनाही तसं सांगून ठेवा. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोट घोट.

बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या मनाने बंद करू नका. कडक उपवास सध्या नकोत.

अधूनमधून होणारी उलटीही सर्जनना सांगा. नळी आकसली आहे का, ते तपासता येतं. उलट्या वारंवार होऊ लागल्या, पाणीही पोटात ठरेना, पायांना मुंग्या आल्या किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सततच्या उलट्यांमुळे बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं आणि त्या कमतरतेने मज्जातंतूंना इजा होऊ शकते.